अमेरिकेतली यिंगलिंग ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, जवळजवळ 200 वर्षं एकाच घराण्यात कशी राहिली? मुलांना ती वडिलांकडून खरंच विकत घ्यावी लागते का?

हो, खरं आहे. त्या घरात कंपनी आयती मिळत नाही, पुढच्या पिढीने आधीच्या पिढीला पैसे मोजून ती घ्यायची अशी रीत आहे. तुम्ही पुढे लिहिलंय, "बापाने पोटच्या मुलाकडून पैसे घ्यायचे हे आपल्याकडे कुणाला पटेल का? आमची तेलाची घाणी वडील यंदा माझ्या नावावर करताहेत, धाकटी बहीण हिशेब बघते, कसलाही व्यवहार नाही." ते वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

आधी ब्रुअरीचं. डेव्हिड युंगलिंग हा जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गचा, आल्डिंगन गावचा. अमेरिकेत येऊन त्याने 1829 साली पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सविलला ईगल ब्रुअरी काढली. गाव दगडी कोळशाच्या पट्ट्यातलं, खाणीत राबणारे लोक, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. दोनच वर्षांत ब्रुअरी जळाली. त्याने महांटोंगो स्ट्रीटच्या चढावर ती पुन्हा उभी केली आणि आजही ती तिथेच आहे. अमेरिकेत आडनावाचं स्पेलिंग बदललं, उच्चार यिंगलिंग झाला. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ तरणा मुलगा.

मी सहा वर्षं नोकरीसाठी हॅरिसबर्गला होते, तिथून पॉट्सविल गाडीने तासाभरावर. 2012 च्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आले होते. अण्णा माळकरी, दारूच्या दुकानाच्या फळीवरही कधी बसले नसतील. पण आमचा बार्शीला सोडा-लेमनचा कारखाना होता, आजोबांनी काढलेला. उभा जन्म बाटल्या धुण्यात आणि भरण्यात गेला. कारखाना बघायचा म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

ब्रुअरीच्या मागे टेकडीच्या पोटात हाताने खोदलेली भुयारं आहेत. यंत्राने थंड करायची सोय नव्हती त्या काळात बिअरची पिंपं तिथे मुरत ठेवत. लागर हा बिअरचा एक प्रकार, तो शब्दच साठवण्यावरून आलाय, ती थंडाव्यात आठवडेच्या आठवडे ठेवावी लागते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत अण्णांनी शाल घट्ट लपेटून घेतली. ओल्या भिंतीवर तळवा टेकवून म्हणाले, "याला थंडी फुकट मिळाली गं. आपला निम्मा पैसा बर्फात जायचा." खरंच होतं ते. पाणी गार असेल तरच त्यात गॅस नीट धरतो, आणि बार्शीच्या एप्रिल-मे महिन्यात पाणी गार ठेवायचं म्हणजे पहाटेपासून बर्फाच्या लाद्या ओढायच्या. मी शाळकरी असल्यापासून ते केलंय. गोटीसोड्याची बाटली उलटी फिरवली की गोटी तोंडाशी येते आणि आतल्या दाबाने रबराला घट्ट बसते. कुठली बसली आणि कुठली गळणार, हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं.

अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात तोंड बुजवायला घातलेली विटांची भिंत त्याच भुयारात आहे. 1920 ते 1933, तब्बल 13 वर्षं. कितीतरी ब्रुअऱ्या तेव्हा कायमच्या मिटल्या. तेव्हाचा मालक फ्रँक यिंगलिंग, त्याने नशा न येणारी बिअर काढली, समोरच डेअरी उघडली आणि आइस्क्रीम विकलं. बंदी उठल्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना ट्रकभर बिअर आभारादाखल पाठवली. डेअरी मात्र त्यानंतरही 1985 पर्यंत चालली.

माहिती सांगणाऱ्या मुलीने मग ती विकत घेण्याची रीत सांगितली. मी मराठीत करून सांगितलं. अण्णा काहीच बोलले नाहीत. परत येताना अर्धा रस्ता गेल्यावर विचारलं, "तू तीन लाख म्हणाली होतीस ना?"

मी तीन लाखच म्हणाले होते. 2003 साली अण्णा आणि काका थकले तेव्हा कारखान्याचं काय करायचं यावर घरात बैठक झाली. माझं लग्न झालं नव्हतं. पुण्यात नोकरी होती, साठवलेले पैसे होते आणि बँक उरलेलं कर्ज द्यायला तयार होती. मी म्हणाले, मशीन, बाटल्या, क्रेट आणि नाव, सगळ्याचे तीन लाख देते, अण्णा-काकांनी निम्मे-निम्मे घ्यावेत, जागेचं भाडंही देते. काका म्हणाले, घरातलं घरात विकायला आपण काय वाणी आहोत? आत्या म्हणाली, उद्या ही सासरी जाईल. कारखाना चुलतभावाला मिळाला. फुकट.

तो वाईट नव्हता. पण सकाळी सहाला कुलूप उघडायला जावंच लागेल असा एक रुपयाही त्याचा त्यात अडकलेला नव्हता. उधारी वाढली, बाटल्यांचं डिपॉझिट घ्यायचं बंद झालं, बाटल्या परत येईनाशा झाल्या. मग जागेवर कर्ज. सहा वर्षांत टाळं लागलं. कंपन्यांच्या कोल्ड्रिंकने आपल्याला मारलं, असं घरात अजूनही म्हणतात. मला ते मान्य नाही. त्याच कोल्ड्रिंकच्या काळात आजूबाजूच्या गावांतले गोटीसोडावाले टिकलेत.

पॉट्सविलचं बघा. पाचव्या पिढीतल्या डिक यिंगलिंगचं वडिलांशी जमेना, तो बाहेर पडून बिअर वितरणाचा धंदा करत होता. 1985 मध्ये परत आला तो ब्रुअरी विकत घेऊन. पैसे मोजलेल्या माणसाला काय चालतं आणि काय नाही हे बघावंच लागतं. 1987 मध्ये त्याने जुनी लागर पुन्हा बाजारात आणली, आणि आज पेनसिल्व्हेनियात नुसतं "लागर" म्हटलं की यिंगलिंगच समोर येते. मागणी पुरवता येईना तेव्हा न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या, बाजारातून माल मागे घेतला. आहे तेवढं नीट करायचं, मग वाढायचं. 1999 मध्ये फ्लोरिडातल्या टँपाची ब्रुअरी घेतली. ती मूळ श्लिट्झ या बिअर कंपनीची, नंतर डेट्रॉइटच्या स्ट्रो घराण्याकडे आलेली. दोन्ही नावं जर्मनांचीच आणि एके काळी यिंगलिंगपेक्षा कितीतरी मोठी. स्ट्रोंनी 1982 मध्ये मोठं कर्ज काढून श्लिट्झ गिळली आणि त्याच ओझ्याखाली 1999 मध्ये घरचा धंदा संपला. बडवायझर बिअरवाल्यांची कंपनीसुद्धा 2008 मध्ये 52 अब्ज डॉलरला बाहेरच्यांनी घेतली.

आणि आता ज्या घराचं नावच "मुलगा", तिथे सहाव्या पिढीत चार मुली आहेत, जेनिफर, डेबी, वेंडी आणि शेरिल. चौघीही धंद्यात आहेत. उद्या सासरी जातील म्हणून कुणी त्यांना बाहेर ठेवलं नाही.

हे घराणं संत नाही, हेही सांगायला हवं. 2006 मध्ये तिथली कामगार संघटना गेली, मालकाला ती नकोच होती, आणि त्यावर बरीच टीका झाली. नुसत्या विकत घेण्यानेच ते टिकले असंही मी म्हणणार नाही. जवळच्या गिऱ्हाइकाने त्यांना धरून ठेवलं आणि नशिबानेही हात दिला. शिवाय आपल्याकडे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, त्यामुळे घाणी कायद्याने वडिलोपार्जित ठरत असेल तर वडिलांनी एकट्याने ठरवून चालणार नाही. आधी वकिलाला कागद दाखवा.

तरी माझं मत विचाराल तर घाणीची किंमत काढून घ्या, जागा वेगळी, यंत्रं वेगळी, नाव वेगळं. ती वडिलांना द्या, हप्त्याने का होईना. त्यांच्या म्हातारपणाची सोय होईल आणि घाणी तुमची होईल.

पण त्याआधी एक करा. हिशेब बहीण बघते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कोणत्या महिन्यात किती शेंगदाणा आला, पेंड कुणाला गेली, उधारी कुणाकडे अडकलीय, हे तिला तुमच्याहून जास्त माहीत असणार. घाणी घ्यायची इच्छा आहे का आणि कितीला घेशील, हे तिला विचारलंय का कुणी? वडिलांनी सही करायच्या आत विचारा. नंतर गाडीत बसून विचारू नका.