जादूच्या शाळेच्या कथेत उडत्या झाडूला नेमकं काय काम द्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: कादंबरीत जादूची शाळा आहे, मुलं झाडूवर बसून उडतात, वर्णनंही जमली आहेत, पण ती पानं काढून टाकली तरी कथेचं काही अडत नाही. शिवाय झाडू घेतले की लोक उचलेगिरी म्हणतील अशी भीती.

भीतीचं आधी मिटवू. मार्टिन ल फ्रांक या फ्रेंच कवीच्या काव्याच्या 1451 सालच्या हस्तलिखितात, समासात, दोन बायका उडताना काढल्या आहेत, एक झाडूवर आणि दुसरी साध्या काठीवर. म्हणजे ही कल्पना कुणा एकाच्या मालकीची नाही. बिनधास्त वापरा. फक्त मराठीत नुसतं ‘झाडू’ लिहिलं की आखूड मुठीचा घरातला झाडू डोळ्यांसमोर येतो आणि चित्र फसतं. पहिल्याच उल्लेखात लांब दांडा आणि काटक्यांचा जुडगा दाखवून टाका. युरोपातल्या जुन्या झाडूला हेझल किंवा अ‍ॅशचा दांडा आणि बर्चच्या काटक्या असत. आपला खराटा लांब दांड्याला बांधला तर जवळपास तसाच दिसेल.

आता मुद्दा. उडता येणं ही कथानकाच्या मुळावर येणारी गोष्ट आहे. कुंपण, कुलूप लावलेलं फाटक, नदी, पहारेकरी, सगळं एका फटक्यात निकामी होतं. म्हणून झाडूला काय जमत नाही ते लिहायला बसण्याआधी ठरवा, आणि आकड्यांत ठरवा. समजा शाळेचा झाडू ताशी 40 किलोमीटर जातो, 30 मीटरच्या वर चढत नाही आणि एकालाच पेलतो. गाव 10 किलोमीटरवर असेल तर जायला 15 मिनिटं, यायला 15. पहारेकऱ्याच्या दोन फेऱ्यांमध्ये दीड तास असेल तर मुलाला गावात एक तास मिळतो. मैत्रिणीला सोबत न्यायचं तर दुसरा झाडू चोरावा लागतो. बघा, प्रकरण आपोआप उभं राहिलं.

दुसरं म्हणजे शरीर. बहुतेक हस्तलिखितांत मुलं झाडूवर सोफ्यावर बसल्यासारखी बसलेली असतात. दांडा जेमतेम 3 सेंटिमीटर जाड, त्यावर अख्ख्या अंगाचा भार. दहा मिनिटांत मांड्या भरून येतील. त्यात माणसाचं वजन दांड्याच्या वर असतं, म्हणजे जरा तोल गेला की स्वार गर्रकन फिरून खाली लोंबकळणार. जादूने अदृश्य बैठक दिली असेल तर तसं एका वाक्यात सांगा. नसेल दिली तर हे लोंबकळणं वापरा, पहिल्या तासाला अर्धा वर्ग असाच उलटा टांगलेला दाखवता येतो.

ताशी 60 किलोमीटरला डोळ्यांतून पाणी येतं आणि शेजारच्याचं बोलणं वाऱ्यावर उडून जातं. त्यामुळे हवेतले पानभर संवाद मला कधीच पटत नाहीत. हातवारे द्या, आणि त्यातून गैरसमज होऊ द्या. वळणाचंही तसंच: ताशी 72 किलोमीटर वेगात 20 मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर अंगाचं वजन दुपटीहून जास्त वाटतं. नवख्याची पकड तिथेच सुटते. आणि पडणं? 10 मीटरवरून जमिनीपर्यंत 1.4 सेकंद, आदळताना वेग ताशी 50 किलोमीटर. एवढ्या वेळात शिक्षिकेचा दोन ओळींचा मंत्र अर्धाही म्हणून होत नाही. वाचवायचंच असेल तर एका शब्दाचा मंत्र आधीच्या एखाद्या प्रकरणात पेरून ठेवा.

पण खरं सांगायचं तर शाळेच्या कथेत झाडू सगळ्यात जास्त कामाला येतो तो जमिनीवर. कोठीची किल्ली कुणाकडे, वहीत सही कोण घेतो, कुणाचा झाडू घरून आलेला नवाकोरा आणि कुणाच्या वाट्याला शाळेचा, काटक्या गळालेला. श्रीमंती, वशिला, शिक्षा, मत्सर, सगळं या कोठीत दिसतं. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या भागात पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःचा झाडू आणायला मनाई आहे. तो नियम शाळेच्या पत्रातच येतो. त्यामुळे पुढे एकाच मुलासाठी नियम वाकवला जातो तेव्हा काहीतरी घडल्यासारखं वाटतं. नियम आधी सांगितलाच नसता तर ती नुसती भेटवस्तू ठरली असती.

झाडूला खोडही असू द्या, एकच पण ठळक. असं काहीतरी:

‘सात नंबरचा झाडू डावीकडे ओढायचा. बांधणीची तार एका बाजूने सैल झाली होती. उजवा गुडघा दांड्यावर दाबून धरला की तो सरळ जायचा, म्हणून रेवाच्या उजव्या गुडघ्यावर कायम काळंनिळं असायचं.’

तीन वाक्यांत झाडू कळला, मुलगीही कळली. आता शेवटच्या पाठलागात दुसऱ्या कुणीतरी घाईत सात नंबर उचलला की काय होणार, हे वाचकाला त्या पात्राच्या आधी कळेल. बिघाड ऐन वेळी उपटला तर वाचक लेखकावर चिडतो.

खेळ घालणार असाल तर गुणांची मांडणी कागदावर तपासा. वरच्याच कादंबरीतल्या खेळात एक गोल 10 गुणांचा आणि सोनेरी चेंडू पकडला की 150. म्हणजे बाकी सगळ्यांनी मिळून पंधरा गोलांहून मोठी आघाडी घेतली नसेल तर त्यांची मेहनत पाण्यात. नायकाला मोठं करायला हे सोयीचं आहे, पण तुमची कथा मैत्रीची असेल तर असा नियम तिच्याच विरोधात जातो.

एक बारीक चूक जवळपास सगळ्यांकडून होते: उतरल्यावर झाडू गायबच होतो. मुलाच्या हातात दीड मीटरचा दांडा आहे, तो अरुंद जिन्यात अडतो, पलंगाखाली मावत नाही, ओल्या काटक्यांतून फरशीवर थेंबांची रांग पडते. गुपचूप परतलेला मुलगा पकडला जायला तेवढी रांग पुरते.