वाचकांचे प्रश्न : बंद ठेवलेली मोटारसायकल आणि गंज

प्रश्न : मी कॅनडात मिसिसागा येथे राहतो. माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत घराच्या गॅरेजमध्ये जाड प्लास्टिकच्या आच्छादनाखाली उभी असते. गॅरेजमध्ये हीटर नाही. दर पंधरा दिवसांनी मी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतो. तरीही यंदा सायलेन्सरच्या तोंडाशी, स्पोकच्या मुळाशी आणि फोर्कच्या नळीवर गंजाचे ठिपके आढळले. माझे काय चुकते आहे?

उत्तर : गंजाला लागणारे पाणी तुमच्या मोटारसायकलीपर्यंत दोन वाटांनी पोहोचते आणि त्यांपैकी एक वाट दर पंधरवड्याला तुम्हीच उघडून देता. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर चांगला तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. परंतु शून्याखालच्या थंडीत जागेवर दहा मिनिटे चालवलेल्या इंजिनात ती गार पत्र्यावर जमते, काही प्रमाणात ऑइलमध्ये मिसळते आणि ज्वलनातून आलेल्या आम्लांसह पुढचे दोन आठवडे तेथेच राहते. ही सवय पूर्णपणे बंद करावी.

दुसरी वाट हवेची आहे. कडाक्याची थंडी त्या मानाने निरुपद्रवी असते, कारण अतिथंड हवेत बाष्प फारसे मावतच नाही. जोखीम असते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, आठवडाभर गारठलेल्या इंजिनाभोवती एखाद्या दिवशी अचानक आठ-दहा अंशांची दमट हवा येते तेव्हा. धातूचा तो जड ठोकळा सावकाश तापतो, तोवर त्याचे तापमान हवेच्या दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याखाली, राहते आणि फ्रीजमधून काढलेल्या बाटलीप्रमाणे त्याला घाम फुटतो. बर्फ वितळू लागले म्हणून उत्साहाने गॅरेजचे दार दिवसभर उघडे ठेवणे नेमके अशा वेळी टाळावे. त्याच गॅरेजमध्ये कारही उभी राहत असेल, तर तिच्या चाकांबरोबर येणारे मिठाळ बर्फाचे पाणी (रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात) रोज पुसून काढावे. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजू लागते, आणि मिठाचा थर असेल तर त्याहूनही कमी आर्द्रतेत गंजते. गॅरेजमध्ये आर्द्रतामापक जरूर टांगावा. बाजारातील साधे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारी यंत्रे, मात्र गोठणबिंदूजवळ नीट चालत नाहीत, आणि मोकळ्या गॅरेजमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे हे केवळ मनाचे समाधान आहे.

प्लास्टिकचे आच्छादन काढून टाकावे. काँक्रीटच्या फरशीतून वर येणारी ओल त्याखाली कोंडली जाते. त्याऐवजी हवा खेळू देणारे कापडी आच्छादन वापरावे आणि चाकांखाली प्लायवूडची फळी ठेवावी.

नोव्हेंबरमध्ये, रस्त्यांवर मीठ पडण्यापूर्वी, गाडी धुऊन वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे सांध्यांतले पाणीही सुकते. वाटेत टाकी जवळपास पूर्ण भरून पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (साठवलेले पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रव्य) घालावा, म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. टाकी भरण्याचे कारण असे, की रिकाम्या भागातील हवेत बाष्प असते आणि गंज टाकीच्या आत पेट्रोलच्या पातळीवरच्या उघड्या पत्र्याला धरतो. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते. घरी आल्यावर इंजिन गरम असतानाच ऑइल व फिल्टर बदलावा. जुने ऑइल वसंतात बदलू, असा विचार अनेक जण करतात, पण त्यातली आम्ले पाच महिने बेअरिंगांना कुरतडत बसतात. इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, मागचे चाक उचलून वरच्या गिअरमध्ये हाताने दोन-चार वेळा फिरवावे आणि प्लग परत बसवावा. सायलेन्सर गार झाला की त्याचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करावे.

फोर्कच्या नळ्या, स्पोक व क्रोमवर गंजरोधक तेलाचा पातळ हात फिरवावा. ब्रेकच्या डिस्कला मात्र त्याचा थेंबही लागू देऊ नये. चेन रॉकेलने धुऊन, सुकवून तिला वंगण द्यावे. बॅटरी काढून घरात ठेवावी आणि अधूनमधून चार्ज करावी, कारण उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते.

प्रश्न : आमची बुलेट देवगडजवळच्या गावच्या घरी असते आणि जून ते सप्टेंबर बंद राहते. तिलाही हेच उपाय लागू पडतील का?

उत्तर : ऑइल, टाकी आणि चेन यांबाबत होय. परंतु कोकणात पावसाळ्याचे चारही महिने हवा दमटच असते, त्यामुळे येथे दार बंद करून काही साधत नाही. गाडी कुलूपबंद खोलीपेक्षा पावसाचे शिंतोडे न येणाऱ्या पडवीत वारा लागेल अशी ठेवावी. खाऱ्या वाऱ्याने धातूवर बसलेले मीठ सादळून सतत ओल धरते, म्हणून ठेवण्यापूर्वी गाडी गोड्या पाण्याने मनसोक्त धुवावी, सुकवावी आणि तेलाचा हात नेहमीपेक्षा सढळ ठेवावा. खताची पोती असलेल्या खोलीत ती कधीही ठेवू नये. गावात कोणी विश्वासू माणूस असेल आणि उघडीप पाहून पंधरा-वीस किलोमीटर खरोखरच फिरवून आणणार असेल, तर ते उत्तमच. अंगणात उभी करून इंजिन चालू करण्यात मात्र वर सांगितलेलाच तोटा आहे. सायलेन्सरचे तोंड येथे कुंभारमाशीसाठीही बंद करावे लागते, कारण आत मातीचे घर झाले की ते काढणे कटकटीचे असते. बोळा काढायचा राहू नये म्हणून तशी चिठ्ठी किल्लीलाच बांधून ठेवावी.