डॉर्मच्या फॉर्मवर ‘चालतंय’ लिहू नकोस

तू विचारलंयस, ‘दादा, ऑगस्टमध्ये अमेरिकेला बीएस करायला जायलोय. पहिल्या वर्षी कॅम्पसवरच राहायची सक्ती आहे. आपल्या बेळगावच्या हॉस्टेलसारखंच असतंय काय? घरातनं काय काय नेऊ?’

सामानाचं आधी उरकतो. आई गणपत गल्लीत कुकर-मिक्सर बघायला निघाली असेल तर थांबव. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर तिथं चालत नाही. शिवाय खोलीत शेगडी ठेवायला बहुतेक डॉर्ममध्ये (कॅम्पसवरच्या हॉस्टेलांत) बंदीच. उदबत्तीही नको, अलार्म वाजला तर मध्यरात्री अख्खी इमारत खाली उतरते आणि सगळे तुझ्याकडं बघतात. शेंगदाण्याची, कारळ्याची चटणी मात्र ने. गादी ३८ बाय ८० इंचांची, वर रेक्झिनसारखं कव्हर. मी घरची चादर नेली होती. रोज पहाटे ती पायाशी गोळा झालेली आणि माझा गाल रेक्झिनला चिकटलेला. इलॅस्टिकची ‘ट्विन एक्सएल’ चादर तिथंच घे. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर काढलंस तर साधारण १५ किलोच सामान नेता येतं, त्यापेक्षा रात्रीची बस बरी.

एक कागद आपल्याकडची पोरं हमखास विसरतात, तो लसींचा. गोवराच्या एमएमआरचे दोन डोस दाखवावे लागतात, डॉर्मसाठी बऱ्याच ठिकाणी मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाच्या सुजेवरची) लसही मागतात. माझं कार्ड सरकारी दवाखान्यातलं, सगळं कन्नडमध्ये. डॉक्टरांकडून इंग्रजीत सही-शिक्क्यानिशी लिहून घे, आत्ताच.

आता हॉस्टेलचं. वॉर्डन नाही, गेट बंद व्हायची वेळ नाही. मजल्यावर एक ‘आरए’ असतो, म्हणजे वरच्या वर्षाचाच एक विद्यार्थी. त्या कामाबद्दल बहुतेक ठिकाणी त्याला खोली फुकट मिळते (दुसऱ्या वर्षी तूही अर्ज कर). पहिल्या आठवड्यात तो तुला आणि रूममेटला एक फॉर्म भरायला देईल: दिवे किती वाजता बंद, पाहुणे कधी, एकमेकांच्या वस्तू वापरायच्या का. मी भिडेपोटी सगळ्याला आपलं ‘चालतंय’ म्हणून मोकळा झालो. रूममेट स्वभावानं चांगला होता, पण महिन्याभरात त्याची मैत्रीण आठवड्यातले तीन दिवस आमच्याच खोलीत, आणि मी लायब्ररीच्या खुर्चीत डोकं टेकून झोपलेला. शेवटी आरएकडं गेलो तर तो म्हणाला, ‘तूच तर लिहून दिलं होतंस.’ रूममेटचं तरी काय चुकलं? त्याला खरंच वाटलं होतं की मला चालतंय. तेव्हा लाजू नकोस, अकरानंतर दिवा नको असेल तर तसं लिही. तिकडं ह्याला कुणी भांडण समजत नाही.

मील प्लॅन, म्हणजे मेसच्या जेवणाचं पॅकेज, सक्तीचाच असेल. आठवड्याच्या जेवणांचा प्लॅन असला तर न खाल्लेली जेवणं बऱ्याच ठिकाणी आठवडा संपला की बुडतात, म्हणून सगळ्यात मोठा प्लॅन घेऊ नकोस. शाकाहारी असलास तर पास्ता, सॅलड, बीन्स ह्यांवरच भागवायचं; चटणी ने म्हटलं ते त्यासाठीच.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते कॉन्ट्रॅक्ट. तू भरतोस ते भाडं दोन्ही सेमिस्टरचं असतं, मध्येच सोडलंस तर दंड. आणि तरीही डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, सुट्टीत, पुष्कळ इमारती चक्क कुलूपबंद होतात. मला हे परीक्षेच्या आठवड्यात दारावर चिकटवलेल्या कागदावरून कळलं. तिकडची पोरं घरी गेली. माझं घर बेळगावजवळच्या येळ्ळूरला, तिकीट लाखाच्या पुढं. बाहेर बर्फ. एका तेलुगू पीएचडीवाल्यानं त्याच्या घरातल्या हॉलमध्ये जमिनीवर जागा दिली, तीन आठवडे. त्याला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं. दोघांना मोडकंतोडकं कन्नड येत होतं, त्यावर आमचं भागलं. बेळगावात कन्नड बोलायची वेळ आली की कपाळाला आठ्या घालणारा मी!

म्हणून खोली निवडायच्या आधी हाउसिंग ऑफिसला ईमेल टाक: सुट्टीत उघडी राहणारी इमारत कुठली, तिचे जादा पैसे किती, आणि परदेशी विद्यार्थ्यांना ओरिएंटेशनसाठी (नव्या विद्यार्थ्यांच्या माहितीसत्रांसाठी) चार दिवस आधी खोली मिळते का. उत्तर लेखी घे. कॉन्ट्रॅक्ट आलं की तारखांचं पान मलाही पाठव, सही करायच्या आधी.