रेस्टॉरंटमध्ये बर्गर-फ्राईज खाल्ले तर पैसे वसूल होतात का?

तुमचा प्रश्न असा: शनिवारी दोघं बाहेर गेलात. २९० चे दोन चिकन बर्गर, १४० चे फ्राईज, ८० ची दोन कोल्ड्रिंक, वर ५ टक्के जीएसटी, सगळे मिळून ९२४ रुपये. घरी आल्यावर बायको म्हणाली, एवढ्यात महिन्याचा कांदा-बटाटा आला असता. तेव्हापासून तुमच्या डोक्यात आहे की हे पैसे वसूल झाले की उगाच गेले.

मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही २०१७ ते २०२३ पुण्यात कर्वेनगरला बर्गरचं छोटं दुकान चालवलं. सोळा खुर्च्या, एक जाड तवा, एक दोन बास्केटचा फ्रायर. तव्यावर तो असायचा, रोज रात्री वही मी लिहायचे. म्हणून उत्तर आधी देऊन टाकते. बर्गर तिथेच हाताने बनवत असतील तर बर्गरचे पैसे वसूल. फ्राईजचे बहुतेक वेळा नाही. आणि दोन्ही घरी मागवलंत तर एकाचेही नाही.

आमचा चिकन बर्गरही शेवटच्या वर्षी २९० लाच होता, त्यामुळे हिशोब सोपा आहे. कोंबडीच्या मांडीचं, म्हणजे थायचं, बोनलेस १४० ग्रॅम, ४५ रुपये. बन १६. चीज स्लाईस ११. लेट्यूस, टोमॅटो, कांदा मिळून ९. मेयो आणि सॉस ९. बटर ४. कागद आणि टिश्यू ६. बरोबर शंभर रुपये. आता फ्राईज. १२० ग्रॅमचे २० रुपये, तेल ६, कप आणि मीठ-मसाला ४. तीस रुपये, विक्री १४०. म्हणजे बर्गरच्या किमतीतला तिसरा हिस्सा मालात जातो, फ्राईजच्या किमतीतला जेमतेम पाचवा. कोल्ड्रिंकला तर कोणाचा हातही लागत नाही, बाटली उघडून ग्लासात ओतायची.

मग उरलेले पैसे मालकाच्या खिशात जातात का? आमच्या दुकानाची विक्री बऱ्या महिन्यात साडेचार लाखांच्या आसपास असायची. त्यातले दीड लाख मालात. भाडं ६५ हजार. पाच मुलांचे पगार आणि त्यांचं दोन वेळचं जेवण मिळून एक लाख. लाइट बिल आणि १९ किलोचे सिलिंडर ३८ हजार. डिलिव्हरी ॲपचं कमिशन ४५ हजार. दुरुस्ती, चिमणीची सफाई, भांडी, असे १२ हजार. राहिले चाळीस हजार, दोघांत. शिवाय एसी रेस्टॉरंटचा जीएसटी १५ नोव्हेंबर २०१७ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा इनपुट क्रेडिटही गेलं. चीजवर, पॅकिंगवर, भाड्यावर आम्ही जो कर भरायचो तो परत मिळत नव्हता, तो सगळा बर्गरच्या किमतीतच शिरायचा. गिऱ्हाइकाला बिलावर फक्त ५ टक्के दिसतात.

वडापाव वीस रुपयांत कसा परवडतो, असंही तुम्ही विचारलंय. एक कढई, एक पदार्थ, पाव सकाळी बेकरीतून, गिऱ्हाईक उभ्याने खाऊन दोन मिनिटांत जातं. खुर्ची नाही, एसी नाही, भाडं एका टपरीचं. त्याची तुलना बर्गरशी करण्यात मला अर्थ वाटत नाही.

आता बर्गरचे पैसे वसूल होतात असं मी का म्हणते. भावाचा तवा बारा मिलिमीटर जाड लोखंडाचा होता, दुकान उघडायच्या आधी चाळीस मिनिटं तापायला लागायचा. एवढं लोखंड एकदा तापलं की थंडगार खिमा टाकला तरी त्याचं तापमान पडत नाही. घरच्या तव्याचं पडतं. मग खिमा पाणी सोडतो आणि त्याच पाण्यात शिजतो, रंगच येत नाही. भाऊ खिम्याचा गोळा तव्यावर ठेवायचा, वर बटर पेपर, आणि मग वजनदार लोखंडी ठोकळ्याने दहा सेकंद दाबून धरायचा. चर्र आवाज आधी मोठा यायचा, मग बारीक होत जायचा. कडा जाळीसारख्या पातळ होऊन तपकिरी पडल्या की रुंद उलथनं तव्याला घासत खालून एका झटक्यात घालायचं, म्हणजे तो खरपूस थर तव्यावर न राहता पॅटीसोबत वर येतो. सगळी चव त्या थरात असते. मीठ गोळ्यावर, तव्यावर टाकताना. आधी खिम्यात कालवून ठेवलंत तर पॅटी सॉसेजसारखी चिवट होते. हे आम्हाला पहिल्या महिन्यात कळलं, चार किलो खिमा वाया गेल्यावर. बनच्या दोन्ही आतल्या बाजू बटरवर भाजायच्या, नाहीतर रस मुरून तिसऱ्या घासाला तो फाटतो.

हे सगळं साडेचार-पाच मिनिटांत, एका माणसाच्या हातून, तुमच्यासाठी ताजं होतं. थाय स्वच्छ करणं, जाडसर खिमा काढणं, गोळे वजन करून ठेवणं हे सकाळी नऊला सुरू व्हायचं. घरी तुम्हाला माल दीडशेत मिळेल, शंभरात नाही, कारण दोन बर्गरसाठी लेट्यूसचा अख्खा गड्डा आणि चीजचं पूर्ण पाकीट घ्यावं लागतं. आणि तो तवा तुमच्याकडे नाही. १९० रुपये त्या तव्याचे, त्या सकाळचे आणि त्या खुर्चीचे. मला ते रास्त वाटतात. आजही वाटतात, आता मी गिऱ्हाईक म्हणून देते तेव्हाही.

पण एक अट आहे. पॅटी तिथे बनत असली पाहिजे. फ्रोझन, ब्रेडक्रम्स लावलेली पॅटी पिशवीतून काढून फ्रायरमध्ये सोडली आणि २९० लावले, तर नाही, साफ नाही. ओळखायचं कसं? मेन्यूवर तीस प्रकारचे बर्गर असतील आणि किचन कपाटाएवढं असेल तर समजा. दोघांच्या पॅट्या साच्यातून काढल्यासारख्या एकसारख्या गोल असतील तर समजा. सरळ विचारलंत तरी चालतं, "पॅटी इथेच करता का?" जे करतात ते हे विचारल्यावर खूश होतात. आमचा भाऊ तर हातातलं काम टाकून सांगायला यायचा.

मोठ्या साखळ्यांचं गणित वेगळं आहे, त्यांना या अटीत धरू नका. मॅकडोनाल्ड्स भारतात १९९६ मध्ये आलं, पण दुकान उघडायच्या आधी काही वर्षं त्यांनी माल कुठून येणार हेच उभं केलं. त्यातलं बरंच आपल्याच आजूबाजूचं: पॅटी तळोज्याच्या कारखान्यातली, चीज बारामतीचं, लेट्यूस तळेगावकडचं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर काम असल्यामुळे २००४ मध्ये ते वीस रुपयांत बर्गर देऊ शकले. तिथली फ्रोझन पॅटी त्यांच्या किमतीला बरोबर आहे. माझी तक्रार साखळीची पॅटी हाताच्या बर्गरच्या भावात विकणाऱ्यांबद्दल आहे. भाजीच्या भावाचा मार मात्र सगळ्यांना सारखाच बसतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो इतका चढला की उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्ड्सनी बर्गरमधून टोमॅटोच काढला होता. आम्ही दोन चकत्यांची एक केली आणि दारावर तसं लिहून लावलं.

आता फ्राईज. तुम्हाला वाटत असेल की रेस्टॉरंटवाले काहीतरी खास करतात, म्हणून घरचे तसे होत नाहीत. खास असतो तो बटाटा, आणि त्याचं काम दुकानात यायच्या आधीच झालेलं असतं. बाजारातला बराचसा बटाटा कोल्ड स्टोरेजमध्ये दोन ते चार अंशांवर महिनोन्‌महिने पडून असतो. एवढ्या थंडीत त्यातला स्टार्च हळूहळू साखर होतो. तो तळला की आतून शिजायच्या आधी बाहेरून काळपट होतो, आणि काढल्यावर दोन मिनिटांत मऊ पडतो. फ्राईजसाठी लांबट, कोरडा बटाटा लागतो, ज्यात घन भाग वीस टक्क्यांच्या वर असतो. त्याच्या जाती म्हणजे केनेबेक, सांताना, आपल्या सिमल्याच्या संशोधन संस्थेने काढलेला कुफ्री फ्रायसोना. त्याची साठवण दहा-बारा अंशांवर करतात, म्हणजे साखर वाढत नाही. उत्तर गुजरातेत बनासकांठा, मेहसाणा भागात याची मोठी लागवड आहे आणि कारखानेही तिकडेच आहेत. तिथे बटाटा कापतात, गरम पाण्यातून काढतात, अर्धवट तळतात आणि गोठवतात. आमच्या दुकानात अडीच किलोची पिशवी यायची ती अशी. आमच्या मुलाचं काम एवढंच की बास्केटमध्ये ओतायचं आणि १७५ अंशांवर तीन मिनिटांनी उचलायचं.

आणि तशीच पिशवी, छोट्या आकारात, तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या डीप फ्रीझरमध्ये आहे. बर्गरचा तवा तुम्ही घरी आणू शकत नाही, पण फ्राईज अगदी तेच आणू शकता. म्हणून १४० रुपये मला जास्त वाटतात. आम्ही ते घ्यायचो, आणि का घ्यायचो तेही सांगते. बर्गर २९० च्या वर नेला की गिऱ्हाईक मागे वळायचं. फ्राईजकडे कोणी किमतीसाठी बघत नाही, "एक फ्राईज पण द्या" म्हणून जातात. त्यामुळे भाडं फ्राईजमधून निघायचं. एप्रिल २०२२ च्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली. आधीच चढलेला पंधरा लिटरचा डबा आणखी महागला, तेव्हा आम्ही फ्राईज ११० वरून १४० केले. मे संपायच्या आत निर्यात सुरू झाली, पुढे डबा उतरला. आम्ही फ्राईज उतरवले नाहीत. ते मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं.

फ्राईज कुठे घ्यावेत? जिथे फ्रायर तुमच्या टेबलापासून दहा पावलांवर आहे आणि तेल स्वच्छ आहे, तिथे. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात जे खराब, पोलर घटक वाढत जातात त्यांची मर्यादा २५ टक्के आहे, १ जुलै २०१८ पासून तसा नियमच आहे. पण मीटर तुमच्याकडे नसतो, म्हणून नाक वापरा. दारातून आत शिरताना जळकट, जुना वास आला आणि फ्राईज खाल्ल्यावर जिभेवर कडवट थर राहिला तर परत तिथे तळलेलं काही घेऊ नका. काही ठिकाणी बटाटा तिथेच कापून दोनदा तळतात. आधी कमी आंचेवर, मग गार करून तेज आंचेवर. असे मिळाले तर १८० सुद्धा आनंदाने द्या, त्यात तासभराची मेहनत आहे.

पार्सलबद्दल मी ठाम आहे. एकदा पावसाळ्यात तक्रारी वाढल्या म्हणून मी स्वतः एक फ्राईज पॅक केला, डबा बंद केला, काउंटरवर ठेवला आणि वीस मिनिटांनी उघडला. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. एक फ्राय टोकाला धरून उचलला, तो अर्ध्यातून वाकून खाली लोंबला. खाल्ला तर उकडलेल्या बटाट्यासारखा, मिठाचा ओला थर वरती. तेव्हापासून डब्याला भोकं पाडून द्यायला लागलो, थोडा फरक पडला, फार नाही. बर्गरचंही तेच, बन ओला आणि कडांचा तो कुरकुरीत थर मेलेला. वर आमच्याकडून २२ टक्के कमिशन आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी जायचा, म्हणून ॲपवर बर्गर ३४० ला लावलेला होता. जास्त पैसे देऊन कमी चांगला बर्गर.

बिलावर सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. सक्ती करता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं.

तुमच्या शनिवारचंच बघा. दोन बर्गर आणि साधं पाणी घेतलं असतंत तर बिल ६०९ झालं असतं. फ्राईज घरी करा. पिशवी फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवू नका, बर्फ सुटला की ते तेल पितात. कढईत तेल भरपूर घ्या, एक तुकडा टाकल्या टाकल्या बुडबुड्यांसकट वर आला की मगच बाकीचे टाका, तेही मूठभरच. जास्त टाकले की तेल गार होतं. तीन-साडेतीन मिनिटांनी काढा, मीठ लगेच, गरम असतानाच घाला, आणि झाकू नका.