निवृत्तीनंतर अमेरिकेत मोटरहोम घेऊन फिरायचं आहे. नवरा गाडी चालवेल, मला यंत्रातलं काही कळत नाही. वाटेत बिघाड झाला तर काय करायचं?

ताई, तुमच्या प्रश्नातलं "नवरा चालवेल, मला काही कळत नाही" हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. कोणती गाडी घ्यावी आणि यूट्यूबवर बघून भागतं का, हेही तुम्ही खाली विचारलंय. त्यावर पुढे लिहिते. आधी एका माणसाबद्दल लिहू दे. आरव्हीतलं, म्हणजे मोटरहोमसारख्या राहत्या गाड्यांमधलं, मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलं, आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले.

अ‍ॅरिझोनात इंटरस्टेट १० या महामार्गावर क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे चिटपाखरू नसतं. हिवाळ्यात मात्र मिनेसोटा, ओरेगन, पार कॅनडापासून थंडी चुकवायला आलेल्या गाड्यांनी आजूबाजूचं वाळवंट भरून जातं. गावाच्या दक्षिणेला ला पोसा ही केंद्र सरकारची जमीन. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. आम्ही गेलो तेव्हा अख्ख्या मोसमाचे १८० डॉलर पडायचे. त्या पैशात पाणी भरायला आणि मैल्याची टाकी रिकामी करायला जागा मिळते. वीज, दिवे, शेजार ज्याचा त्याने बघायचा.

आमचा तिथला पहिलाच जानेवारी. पहाटे जाग आली ती थंडीने. फर्नेसचा, म्हणजे गाडीतल्या गॅसच्या हीटरचा, पंखा फिरत होता, पण हवा गार. ह्यांनी सकाळी डीलरच्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला. त्याने गाडी न बघताच सांगितलं की फर्नेसचा सर्किट बोर्ड गेला असणार, गाडी आणून सोडा, काही आठवडे लागतील. शेजारी एका जुनाट मोटरहोममध्ये एक आजोबा एकटेच राहायचे. (इथे सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण आम्ही दोघं आपसात त्यांना आजोबाच म्हणायचो. नाव लिहीत नाही, त्यांना ते रुचलं नसतं.) वीज कंपनीत लाइनमन म्हणून उभं आयुष्य गेलेलं. बायको गेल्यावर मुलांनी घरी बोलावलं, तरी गाडी सोडली नव्हती. हे त्यांच्याकडे विचारायला गेले, तर ते एका हातात घडीची खुर्ची आणि दुसऱ्या हातात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, घेऊनच आले.

खुर्ची टाकून बसले आणि विचारलं, रात्री हीटर लावायला कोण उठतं? म्हटलं, मी. त्यांनी मल्टिमीटर माझ्या हातात दिला. ह्यांच्या नाही, माझ्या.

पुढचा तासभर त्यांनी कशालाही हात लावला नाही. बॅटऱ्या दारातल्या पायरीखाली होत्या. तिथे मोजलं, साडेबारा व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठीक. मग पंखा चालू ठेवून फर्नेसपाशी मोजलं तर अकराही भरेना. मग त्यांनी समजावलं. फर्नेसमध्ये एक पातळ पत्र्याची झडप असते, सेल स्विच म्हणतात तिला. पंख्याच्या वाऱ्याने ती ढकलली गेली तरच गॅस सुटतो आणि ठिणगी पडते. व्होल्ट कमी पडले की पंखा फिरताना दिसतो, पण झडप ढकलण्याइतका वारा होत नाही. बोर्ड बिचारा गॅस सोडत नाही, कारण त्याने सोडायलाच नको. मधले दीड व्होल्ट कुठे गळतायत ते शोध, म्हणाले.

मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लावलं. आकडा शून्याच्या आसपास यायला हवा होता, आला दीडच्या वर. मग मी गाडीखाली सतरंजी टाकून आडवी झाले. निगेटिव्हची केबल चासीला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे हिरवट-पांढरा थर चढला होता. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची, मग तो बोल्ट. खायच्या सोड्याचं पाणी, तारेचा ब्रश, धातू चकचकीत दिसेपर्यंत घासायचं, परत आवळायचं, वर ग्रीस. वरून त्यांचा आवाज, "आणखी पाव फेरा." बाहेर आले, थर्मोस्टॅट फिरवला, पंख्याचा सूर बदललेला स्पष्ट ऐकू आला, आणि काही सेकंदांत आतून भक्कन ज्योत पेटल्याचा आवाज. सोडा घरचाच होता. खर्च शून्य.

पैसे विचारले तर त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडे एक वही असायची. ज्याची गाडी दुरुस्त झाली त्याने आपल्या हाताने त्यात लिहायचं: गाडी कोणती, लक्षण काय, काय मोजलं, काय निघालं. कुणी नवीन माणूस तक्रार घेऊन आला की ते वही त्याच्या पुढ्यात टाकायचे आणि म्हणायचे, याच्याकडे हेच झालं होतं, त्या तिकडच्या पांढऱ्या गाडीत राहतो, जा विचार. त्यामुळे त्यांच्याभोवती नुसती मदत मागणाऱ्यांची रांग लागली नाही, एकमेकांना ओळखणारी माणसं तयार झाली. दुसऱ्या हिवाळ्यात एक कॅनडातल्या क्यूबेकची बाई फर्नेसची तक्रार घेऊन माझ्याकडे आली ती त्या वहीमुळेच.

आता आमच्या मोठ्या दिरांचं सांगते, कारण तुमचा प्रश्न वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू आला. हा किस्सा फोनवर ऐकून ते पुण्याहून ह्यांना म्हणाले, "फुकट कोणी काही करत नाही, काहीतरी विकायला येईल बघ. आणि वहिनीला गाडीखाली कशाला घालतोस?" भाऊजी इंजिनियर, शब्दाला वजन. हा वाद आमच्यात कित्येक वर्षं चालला. आजोबांनी आम्हाला काहीही विकलं नाही. माझ्या हातची थालीपिठं आणि लोणी तेवढं त्यांनी घेतलं, तेही मागून.

आणि गाडीखाली कशाला, याचं उत्तर रस्त्यानेच दिलं. फ्लॅगस्टाफहून फिनिक्सकडे येताना इंटरस्टेट १७ सात हजार फुटांवरून कॅम्प व्हर्डीपाशी तीन हजारांच्या आसपास उतरतो. शेवटचा उतार लांबलचक आणि चांगलाच तीव्र. त्या उताराच्या आधी ह्यांना मुतखड्याची कळ आली, घामाने डबडबले, स्टिअरिंग धरवेना. मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि चालवायला बसले. आजोबांनी मला यथेच्छ घोकवलं होतं: उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाक, वेग इंजिनाला धरू दे, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. वेग वाढला तर दाबून कमी कर आणि सोडून दे, नाहीतर ब्रेक तापून लागेनासे होतात. तशीच उतरले. ट्रक उजव्या लेनमधून जेवढ्या वेगाने जात होते तेवढ्याच. खाली हॉस्पिटल गाठलं. गाडी फक्त ह्यांनाच येत असती तर त्या घाटाच्या माथ्यावर आम्ही काय करणार होतो, हे मी भाऊजींना विचारलं. ते काही बोलले नाहीत. मी ते उत्तर समजते.

क्वार्ट्झसाइटच्या स्मशानात हाजी अलीची कबर आहे. हा ऑटोमन मुलखातून आलेला उंटवाला. १८५६ साली अमेरिकी सैन्याने वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर तो आला आणि १९०२ मध्ये तिथेच वारला. कबरीवर दगडी पिरॅमिड, टोकावर धातूचा उंट. नवीन माणसाला आजोबा हमखास तिथे न्यायचे. या गावात जे आलं ते परक्याने शिकवलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं.

हात थरथरायला लागल्यावर त्यांनी गाडी चालवणं स्वतःहून सोडलं. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनला एस्केपीज क्लबचं केंद्र आहे. जो आणि के पीटरसन या जोडप्याने हा आरव्हीवाल्यांचा क्लब १९७८ साली सुरू केला. तिथे वय झालेल्या, आजारी माणसांना आपल्याच गाडीत राहून जेवण, देखभाल मिळते. आजोबा शेवटी तिथे राहिले. फोनवर प्रकृतीचं विचारलं की ते आमच्या बॅटऱ्यांचं विचारायचे. वही त्यांनी आधीच त्या क्यूबेकच्या बाईकडे दिली होती. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती क्वार्ट्झसाइटला दर हिवाळ्यात येते, आमचं आता तसं राहिलं नाही.

आता तुमचं. गाडी कोणती: दोघंच असाल तर २५ फुटांच्या आतली क्लास सी (व्हॅनच्या पुढच्या भागावर बांधलेलं मोटरहोम) घ्या आणि आधी भाड्याने घेऊन फिरून बघा. यूट्यूबने नावं कळतात, पण आकडा चुकीचा आला तर काय करायचं ते शेजारी बसलेला माणूसच सांगतो. पहिल्याच दिवशी मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग तुम्ही घ्या. जुनी गाडी घेत असाल तर टायरवरचा डॉट कोड (DOT अक्षरांपुढचा क्रमांक) वाचा, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. नक्षी कोरी दिसली तरी सात वर्षांचा टायर बदलायचाच. आणि नातेवाइकांनी घरी ३० अँपिअरचा आरव्ही सॉकेट बसवून ठेवला असेल तर मीटर लावल्याशिवाय प्लग घालू नका. घरगुती कामं करणारे इलेक्ट्रिशियन कपडे वाळवायच्या ड्रायरचा समजून त्यात २४० व्होल्ट जोडतात, हवे असतात १२०. यावर आजोबांचा आवाज चढायचा.

हे राहिलंच: मी लिहिलेलं ते साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांचं. लिथियम असेल तर व्होल्टचे आकडे वेगळे वाचावे लागतात. आणि गॅसचा वास आला तर मल्टिमीटर, पाना काही शोधत बसू नका. आधी दोघंही बाहेर पडा, गॅसच्या टाकीचा नळ बंद करा आणि परवानाधारक माणूस बोलवा. ते काम आजोबाही स्वतः करत नसत.