बेस येत नाही? आधी इअरफोनचे टिप्स बदलून पाय

भाऊ, बेस (गाण्यातला खालचा, जाड आवाज) येत नाही म्हणून गाण्याच्या नवीन प्लेअरले नावं ठेवू नको, आधी इअरफोनचे टिप्स पाय. डब्यात लहान-मध्यम-मोठे असे रबरी टिप्स येतात ना, ते सगळे लावून पाय, अन दोन्ही कानाले एकच साइज बसते असं काही नाही, माह्या डाव्या कानाले मोठा लागते अन उजव्याले मध्यम. घालताना दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढ, मंग टिप आत सरकव. बरोबर बसला की कूलरची घरघर एकदम दबते अन बेस आपोआप येते, थोडीशी बी फट राहिली की खालचे सूर तिथूनच निसटतात. मी यवतमाळ-वणी एसटीत फोमचे टिप्स वापरतो, चेपून घालायचे अन फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचे, मंग आवाज लय वाढवावा लागत नाही. कान जपजो, डब्ल्यूएचओच्या हिशेबानं 80 डेसिबल आठवड्याले 40 तास, बस.

इक्वलायझरमधी (सूर कमी-जास्त करायची सेटिंग) बेस 5 डीबी म्हणजे डेसिबल वाढवला तर प्रीअॅम्प (त्यातलाच एकूण आवाजाचा पट्टा) 5 नं कमी कर, नाहीतर आवाज फाटते. सूं-सूं येत असंल तर प्लेअरचा गेन (आवाज किती ताकदीनं वाढवायचा ती सेटिंग) लो वर ठेव. गाणे 320 केबीपीएसचे (आकडा जास्त तसा दर्जा चांगला) नाहीतर फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली फाइल) घे, 128 ची फाइल 320 मधी बदलून काही फायदा नाही, जे गेलं ते गेलं. एका बाजूचा आवाज कमी झाला तर जाळीत मळ अडकला असंल, इअरफोनचं तोंड खाली धरून कोरड्या ब्रशनं झाड.