वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा रंग, कागदावरचा रंग

मॉनिटरवर उजळ दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळपट येतो. दोष प्रिंटरचा का?

आधी मॉनिटर तपासा. तो फार प्रखर असला की फोटो भगभगीत वाटतो, म्हणून आपण एडिटिंगमध्ये तो गडद करतो, आणि तोच गडदपणा कागदावर उतरतो. प्रिंटसाठी पडद्यावरचा पांढरा ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढा पुरे. डोळ्यांच्या अंदाजाने हे जमत नाही, कलरिमीटर (पडद्याला टेकवून रंग आणि उजळपणा मोजणारं उपकरण) लागतोच.

मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. नाइट मोड, ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक काँट्रास्ट बंद करा. पडदा किंचित मागे कलवा, म्हणजे कलरिमीटर सपाट टेकेल आणि कडेने उजेड आत शिरणार नाही. लक्ष्य ठेवा : डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२, ब्राइटनेस १०० कॅन्डेला. ब्राइटनेस मॉनिटरच्याच बटणाने कमी करा. सॉफ्टवेअरने ग्राफिक्स कार्डातून कमी केला तर छटांच्या पायऱ्या वाया जातात आणि निरभ्र आकाशात पट्टे दिसू लागतात. कलरिमीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅनेलचा प्रकार निवडतानाही जपा. वाइड गॅमटच्या (जास्त रंग दाखवणाऱ्या पॅनेलच्या) जागी साधा एलईडी निवडला तर मोजमापच चुकतं, आणि सगळ्यावर हलकी गुलाबी किंवा हिरवी झाक येते.

काम झाल्यावर पडदा पिवळट वाटेल. लगेच काही बदलू नका, डोळ्यांना आधीच्या निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी उघडून पाहा. मध्येच कुठे रंग डोकावला नाही, तर प्रोफाइल (मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल) चांगलं झालं. महिन्यातून एकदा हे पुन्हा करा.

ग्रे कार्डवर (राखाडी पुठ्ठ्यावर) व्हाइट बॅलन्स घेऊनही लाल फुलाचा रंग चुकतो.

व्हाइट बॅलन्स फक्त राखाडी रंग राखाडीच राहील एवढं पाहतो. बाकीचे रंग सेन्सरवरच्या फिल्टरांवर ठरतात, म्हणून २४ चौकटींच्या कलर चार्टवरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवा. चार्टवर उजेड सारखा पडू द्या, जवळ रंगीत भिंत किंवा भडक कपडे नकोत. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपा आणि पांढरी चौकट जळू देऊ नका, म्हणजे जास्त उजेडाने तिच्यातला तपशील जाऊ देऊ नका. दिवा बदलला की प्रोफाइलही नवं.

लाल फुलात आणखी एक फसगत होते. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळपणाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल केव्हाच जळालेला असतो आणि पाकळीवरच्या शिरा सपाट होतात. तिन्ही चॅनेलांचा हिस्टोग्राम वेगवेगळा पाहा, लाल उजव्या कडेला चिकटला असेल तर एक्स्पोजर २/३ स्टॉपने कमी करा. स्वस्त एलईडीखाली उलट अडचण असते : त्या प्रकाशात गडद लाल अपुरा असतो. दिव्यातच नसलेला लाल प्रोफाइल कुठून आणणार? तिथे दिवाच बदलावा लागतो. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा घ्या आणि आर९ चा, म्हणजे गडद लालाचा, आकडाही बघून घ्या.

माझ्याकडे ठीक दिसणारा फोटो इतरांच्या पडद्यावर फिका का?

फाइल अ‍ॅडोबी आरजीबीत (एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपट्ट्यात) आहे आणि तिच्यात प्रोफाइल जोडलेलं नाही, असं असू शकतं. एक्स्पोर्ट करताना एसआरजीबीत (बहुतेक पडद्यांच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात) ‘कन्व्हर्ट’ करा, ‘असाइन’ (रंगांचे आकडे तेच ठेवून फक्त प्रोफाइलचं नाव बदलणं) नव्हे, आणि प्रोफाइल जोडूनच पाठवा.